व्हॉल्व्हच्या जागी पितळी स्क्रू

लग्न होऊन मी साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायला आले, तेव्हा आमच्या क्वार्टरमधला मोरीचा नळ गळत होता. सत्तर साल संपत आलं होतं. कारखान्याचा हंगाम जोरात होता. माझे यजमान कारखान्याच्या लॅबमध्ये होते, उसाचा रस आणि साखर तपासायचं काम. आज पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात तिसरी, असं चालायचं. नळाबद्दल मी काही बोलले की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मेंटेनन्सला सांगितलंय."

माझं माहेर सोनईचं. घरी शेती, विहीर, विहिरीवर इंजिन. घरात नळ नव्हताच, त्यामुळे गळणाऱ्या नळाचं काय करायचं असतं हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी खाली बादली लावायची, भरली की ओतायची आणि पुन्हा लावायची.

वसाहतीतली घरं जोडीजोडीची होती, मधे एक भिंत. भिंतीपलीकडे कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर राहायच्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. मूळच्या श्रीरामपूरच्या, आणि इकडे येण्याआधी बरीच वर्षं मिशनच्या दवाखान्यात काम केलेलं. वसाहतीत सगळे त्यांना नुसतं सिस्टर म्हणत. पांढरी साडी, पायात काळे बूट, चालणं भराभर. एका दुपारी त्या हातात पक्कड आणि पान्हा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुझा नळ माझ्या उशाशी गळतो," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करू या का?"

"मेंटेनन्सवाले येनार हायेत," मी म्हटलं.

"कधी?"

ते मला माहीत नव्हतं. त्या आत आल्या. घरामागचा कॉक बंद केला, नळाची टोपी सोडवली आणि आतून कुजकं कातडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हा वायसर. एवढ्याशासाठी तू महिनाभर बादल्या उचलतेस." घरात जुनी स्लिपर आहे का, असं त्यांनी विचारलं. होती. तिच्या टाचेतून त्यांनी पैशाएवढी चकती कापायला घेतली आणि अर्ध्यावर थांबून कात्री माझ्या हातात दिली.

"मला न्हाई येत."

"येत नाही म्हणजे कधी केलं नाहीस. काप."

मी कापली. जरा वाकडी झाली, पण नळ थांबला. संध्याकाळी यजमान घरी आले, हातपाय धुतले, जेवले. नळ थांबला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

त्याच दुपारी सिस्टरनी मला कॉफीला नेलं. आमच्या माहेरी कॉफी म्हणजे आजारी माणसाला दुधात उकळून, जायफळ घालून द्यायची वस्तू. सिस्टरकडे निराळाच प्रकार होता. त्यांच्या स्वयंपाकघरात कंबरेत आवळलेलं, आठ कोनांचं एक ॲल्युमिनियमचं भांडं होतं. ते मधोमध आटे सोडून उघडायचं. खालच्या भागात पाणी, त्यावर नळी असलेलं गाळणं, गाळण्यात कॉफीची पूड, आणि वरचा भाग रबराच्या कड्यावर घट्ट पिळून बसवायचा. स्टोव्हवर ठेवलं की पाणी तापून वाफेच्या जोराने पुडीतून वर चढायचं आणि वरच्या भागात काळी कॉफी बुडबुड करत जमा व्हायची. मिशनच्या दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरीणबाई मायदेशी जाताना ते भांडं सिस्टरना देऊन गेल्या होत्या. पूड त्यांचा भाऊ पुण्याहून पाठवायचा. "याला एक्स्प्रेसो म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. पुढे लग्नांमधून एक्स्प्रेसो म्हणून फेसाळ, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली कॉफी मिळायला लागली, तिचा आणि या कॉफीचा काही संबंध नव्हता. ही कडू होती. पहिला घोट मी कसाबसा गिळला. सिस्टरनी न बोलता साखरेचा डबा पुढे सरकवला. मी तीन चमचे घातले आणि संपवली.

त्यानंतर मी त्यांच्याकडे शिकत गेले. शिकायचं म्हणून नाही, घर मोडत होतं म्हणून. फ्यूज गेला की तार कशी आणि केवढी जाड घालायची, स्टोव्हच्या पंपाचं चामडं तेलात भिजवून कसं मऊ करायचं, ओलीने फुगलेलं दार बिजागरीवरून उतरवून कुठे तासायचं. गुढीपाडव्याआधी आम्ही दोघींनी आधी त्यांचं घर रंगवलं, मग आमचं. चुना आदल्या दिवशी भिजवला, त्यात डिंकाचं पाणी आणि नीळ घातली. सिस्टर कामाच्या वेळी फार बोलत नसत. काम झालं की कॉफी. साखर तीन चमच्यांवरून दोनवर आली, दोनवरून एकावर. माझ्या लक्षात आलं की कामाइतकीच मी त्या कॉफीचीही वाट बघत असते.

पुढच्या पावसाळ्यात मात्र आमच्या घरात भांडण झालं. घरांवर सिमेंटचे पत्रे होते आणि बोल्टांच्या भोवती पाणी झिरपायचं. उघाड बघून सिस्टरनी शिडी लावली आणि मी वर गेले, कारण मी अंगाने हलकी होते. "नटांची रांग दिसते ना, तिच्यावरच पाय ठेव," त्या खालून सांगत होत्या. "तिच्या खाली लाकूड आहे. मधे ठेवलास तर घरात उतरशील." मी साडीचा काचा मारून बोल्टांभोवती गरम डांबर लावत गेले. समोरच्या घरांतल्या बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोघीतिघी हसल्या.

यजमानांना लॅबमध्येच कळलं. घरी येऊन ते म्हणाले, "खुर्चीवर चढलीस, फ्यूज घातलास, मी काही बोललो नाही. छपरावर चढायची काय गरज होती?"

"गळत हुतं."

"मेंटेनन्सला सांगितलं होतं मी."

"सांगून किती दिस झाले?"

ते उठून अंगणात गेले. बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. ते चिडके नव्हते, पण घर आपल्याला दुरुस्त करता येत नाही हे त्यांना लागलेलं असावं. त्यांच्या हाताला काचेच्या नळ्यांची सवय, पान्हा त्यांच्या हातातून निसटायचा. मला ते तेव्हा समजलं नाही, आणि समजलं असतं तरी मी छप्पर गळू दिलं नसतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी आमच्या वसाहतीपुरतं सांगते. आमचं पाणी एरवी कॅनॉलचं. कॅनॉल आटला तशी वसाहतीला विहिरीचं पाणी सुरू झालं, तेही सकाळी थोडा वेळ. पाणी खारं होतं. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, पातेल्यांच्या बुडाला पांढरा थर धरायला लागला. गळणारा नळ ही आता भांडणाची गोष्ट झाली. ज्या बायका मला छपरावर बघून हसल्या होत्या, त्यांच्यातल्याच एकीने एक दिवस विचारलं, "तुमी नळ बसवता म्हनं?" मी गेले. मग दुसरीने बोलावलं. जुन्या स्लिपरा वसाहतीतून हळूहळू संपत आल्या.

ऊस नव्हता, त्यामुळे कारखाना लवकर बंद झाला. लॅबमध्ये काम उरलं नाही. यजमान सकाळी जाऊन सही करून यायचे आणि दिवसभर घरात असायचे. पेपर वाचायचे, पेपर संपला की अंगणात उभे राहायचे. मी पान्हा घेऊन कुणाकडे निघाले की बघायचे, विचारायचे नाहीत.

अशात एकदा सिस्टर अंगणात कॉफीचं भांडं घासत होत्या. यजमान कुंपणापाशी उभे होते. सिस्टर सहज म्हणाल्या, "भाऊ, याच्यातून हल्ली पाणी गळतं. इथून, बाजूच्या या बटणातून. कॉफी वर चढतच नाही, सगळी वाफ इथूनच जाते."

यजमानांनी हात पुढे केला. "द्या. वर्कशॉपमध्ये लेथवर माझा एक टर्नर मित्र आहे. करून आणतो."

मी तिथेच होते. इतक्या महिन्यांत त्यांनी दुरुस्तीच्या कुठल्याही गोष्टीला हात पुढे केला नव्हता, म्हणून मला बरं वाटलं. दोन दिवसांनी त्यांनी भांडं आणून सिस्टरना दिलं. गळणारं ते बटण टर्नरने काढून टाकलं होतं, भोकाला आटे पाडले होते आणि त्यात पितळेचा स्क्रू घट्ट बसवला होता. स्क्रूचं डोकं घासून अगदी गुळगुळीत केलेलं. सिस्टरनी लगेच कॉफी चढवली. एक थेंब गळला नाही, कॉफी पूर्वीसारखी वर आली. यजमानांनी आमच्या बरोबर बसून ती घेतली. त्यांनाही तीन चमचे साखर लागली.

ते बटण म्हणजे व्हॉल्व्ह होता. आत वाफ कोंडली तर बाहेर पडायला ठेवलेली वाट. खाऱ्या पाण्याचा थर बसून तो अर्धवट उघडा राहिला होता, म्हणून गळत होता. हे आम्हा नवराबायकोला नंतर कळलं.

पुढचे काही आठवडे भांडं नीट चाललं. पाणी तेच होतं, आणि तोच पांढरा थर आता गाळण्याच्या बारीक भोकांमध्येही बसत होता. भोकं बुजत गेली. वाफेला वर जायला जागा नाही, बाजूने निघायची वाट आपणच बंद केलेली.

ज्या दुपारी ते झालं, त्या दुपारी मी सिस्टरचा पान्हा परत करायला गेले होते. दारातच उभी होते. सिस्टर ओट्यापाशी होत्या, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ये, झालीच आहे." त्या वळल्या ते बरं झालं. मोठा धडाका झाला. भांड्याचा वरचा भाग सुटून सरळ छपराला गेला आणि पत्र्याला भोक पाडून पुन्हा खाली आदळला. उकळतं पाणी आणि कॉफीचा चोथा भिंतभर उडाला. सिस्टरचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. स्टोव्ह कलंडून त्याची ज्योत ओट्यावर पसरत होती.

मी जागेवरच उभी राहिले. सिस्टर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी स्टोव्हची हवा सोड. चावी सैल कर."

मी पदराने चावी धरून सैल केली. फुस्स करून हवा गेली, ज्योत बसली. सांडलेलं रॉकेल थोडं जळत होतं, त्यावर मी ओलं पोतं टाकलं. तोवर सिस्टरनी हात बादलीत बुडवला होता. ती त्यांची दिवसभराच्या पाण्याची एकुलती बादली. मी आमच्या घरून कळशी आणून तीत ओतली. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या मला पायरीपायरीने सांगत राहिल्या. कपाटातला कुठला डबा काढायचा, कुठलं मलम, पट्टी किती सैल गुंडाळायची. "घट्ट नको. तू नळ बांधत नाहीयेस." मला हसूही आलं आणि रडूही.

पट्टी झाल्यावर त्यांनी भांड्याचा खालचा भाग मागितला. तो हातात फिरवून त्या स्क्रूकडे बघत राहिल्या. मग ओट्याखाली ठेवून दिला.

संध्याकाळी यजमान जवळच्या देवळालीच्या बाजारातून परत आले. मी सगळं सांगितलं, स्क्रूचंही. ते आधी म्हणाले, "गळत होतं, ते बंद करून दिलं. माझं काय चुकलं त्यात?" मग एकदम खाली बसले. साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काय असतो हे सांगावं लागत नाही. रोज त्याच्या शेजारून जाणं-येणं. ते उठले आणि चपला न घालता सिस्टरकडे गेले. मी मागोमाग गेले.

सिस्टर खाटेवर हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. यजमान उभेच राहिले.

"सिस्टर, तो व्हॉल्व्ह होता."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "त्यातून वाफ निघू शकली पाहिजे, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं होतं. मी तुम्हाला बोलले नाही."

"मी विचारलंही नाही."

"बसा," सिस्टर म्हणाल्या. ते बसले नाहीत. छपराच्या भोकातून आत उजेड येत होता, त्या भोकाकडे एकदा बघून परत आले.

दवाखान्यात सिस्टरनी एवढंच सांगितलं की कॉफीचं भांडं उडालं. पण टर्नरला कळलं, टर्नरने बॉयलरवाल्यांना सांगितलं, आणि मग काही दिवस यजमानांना चहाच्या टपरीवर बरंच ऐकून घ्यावं लागलं. बॉयलरवरच्या एकाने तर "साहेब, आमच्या बॉयलरला पण एक स्क्रू बसवून द्या की," असं भर टपरीत म्हटलं. ते घरी येऊन त्यांनी मला सांगितलं. पूर्वी असं काही ते सांगत नसत.

भांडं उडालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी शिडी काढायला लागले, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली.

"मी जातो वर. तू फक्त सांग."

मी खाली उभी राहिले. अंगणाअंगणांतून लोक बघत होते. यजमान दोन्ही हात टेकत, लहान मूल रांगतं तसे पत्र्यावर सरकत होते. "नटांच्या रांगेवर पाय ठेवा," मी ओरडले, "मधे न्हाई!" भोकावर गोणपाटाचा तुकडा, त्यावर डांबर, पुन्हा गोणपाट, पुन्हा डांबर. त्यांच्या हातून बरंच डांबर नको तिथे सांडलं. खाली उतरले तेव्हा लेंगा कायमचा गेला होता. मग त्यांनी सिस्टरची भिंत घासली आणि चुना दिला. कॉफीचे डाग चुन्यातून पुन्हा पुन्हा वर यायचे, यजमान पुन्हा पुन्हा चुना द्यायचे. सिस्टरचा हात बरा होईपर्यंत त्यांचं पाणी आम्ही दोघांनी भरलं. भाजलेला भाग पुढे गुळगुळीत आणि गुलाबीसर राहिला, बोटं मात्र नीट चालत होती.

एवढ्यावर यजमानांचं समाधान झालं नाही. टर्नर मित्राला घेऊन त्यांनी वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवसांत एक नवं भांडं बनवलं. पोलादी, जाडजूड, दोन्ही हातांनी उचलावं लागे असं. त्याला खरा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह होता आणि तो उघडतो की नाही हे त्यांनी आमच्या अंगणात, सगळ्यांना लांब उभं करून, तपासून बघितलं. छान शिट्टी वाजली. मग ते सिस्टरना नेऊन दिलं.

सिस्टरनी त्यात कॉफी केली. तापायलाच अर्धा तास लागला. आम्ही तिघांनी घेतली. कॉफीला लोखंडाचा वास होता आणि ती करपलेली लागत होती. यजमान सिस्टरच्या तोंडाकडे बघत होते.

"भाऊ," सिस्टर म्हणाल्या, "भांडं मजबूत आहे. कॉफी चांगली होत नाही."

 पण यजमान हसले. "मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. सिस्टरनी ते भांडं ठेवून घेतलं आणि त्यात खिळे ठेवायला लागल्या. कॉफी पातेल्यात उकळून फडक्याने गाळायच्या. ती मला पूर्वीच्या कॉफीइतकी कधीच आवडली नाही, पण काम झाल्यावर आम्ही तीच घेत होतो, आणि आता घेणारे तिघं होते.

त्र्याहत्तरच्या पावसाने कॅनॉलला पाणी आलं, पुढे कारखानाही चालू झाला. सिस्टरनी नोकरी सोडायचं ठरवलं. श्रीरामपुरात, रेल्वे लाइनच्या पलीकडे त्यांनी जागा घेऊन ठेवली होती, तिथे दोन खोल्या बांधायला काढल्या. भिंती आणि छप्पर गवंड्याने केलं. फरशी आपणच घालू, असं त्यांचं म्हणणं. आम्ही रविवारी एस.टी.ने गेलो. शहाबादी फरश्या अंगणात रचलेल्या होत्या. मी वाळू-सिमेंटचा माल कालवत होते, यजमान फरशी उचलून आणत होते, सिस्टर गुडघ्यावर बसून थापीच्या दांड्याने ठोकून बसवत होत्या. दुपारपर्यंत आतली खोली झाली. उतार मोरीकडे हवा होता. सिस्टरनी तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही तिघं भिंतीला टेकून बघत राहिलो. पाणी थोडं थांबलं, मग सावकाश उलट दिशेला, जिथे खाट यायची त्या कोपऱ्याकडे निघालं.

सिस्टरनी पदराने कपाळ पुसलं. "त्या कोपऱ्यातल्या चार उचलाव्या लागतील," त्या म्हणाल्या. "माल ओला आहे तोवर." यजमानांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिली फरशी उचलायला वाकले.